माळेतल्या एका बल्बची जागा

तरावीहच्या नमाजला निघालेली माणसे मशिदीच्या मिनाराकडे एकदा मान वर करून पाहतातच. रमजानभर मिनारावर दिव्यांच्या माळा सोडलेल्या असतात आणि त्या दूरवरून दिसतात. त्यातला हातभर तुकडा जरी काळा पडला, तरी साऱ्या गावाला तो दिसतो. रस्त्यावर खजूर विकणारा सांगतो, फळाच्या गाडीवाला सांगतो, समोरच्या मेडिकलमधला सांगतो, ‘तुमची एक लाइन गेली बघा.’ पेटलेल्या शेकडो बल्बांचे कौतुक नंतर होते. नजर आधी विझलेल्यावर जाते.

हा अनुभव काही फक्त रमजानचा नाही. गणेशोत्सवात मांडवावर, दिवाळीत गॅलरीत, नाताळात चर्चच्या दारात हीच तक्रार असते. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला. लहान गावांत लायटिंगवाला बहुधा एकच असतो. अशा वर्षी त्याची शिडी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत फिरते आणि त्याच्या खोक्यातल्या माळा कुणाच्या सणाला कोणत्या, हे त्या माळांना ठाऊक नसते.

माळ बंद पडली की हल्ली एकच सल्ला मिळतो: ‘फेका आणि नवी आणा.’ घराच्या खिडकीपुरते ते चालते. शे-दीडशे रुपयांत नवी माळ येते. पण उंच मिनारावर दोराने आवळून बांधलेली लांब माळ, चाँद-ताऱ्याच्या लाकडी चौकटीत भोके पाडून बसवलेले बल्ब, जुन्या झुंबरातले दिवे हे सगळे एका बल्बसाठी उतरवून फेकता येत नाही. तिथे हवा असतो तो फक्त एक बल्ब, पण नेमका तोच. तो ओळखायचा कसा, याचे शास्त्र अगदी सोपे आहे आणि ते कळले नाही तर काय होते, हेही तितकेच स्पष्ट आहे.

एक विझला की सगळे का विझतात?

इस्तंबूल शहरात मोठ्या मशिदींच्या दोन मिनारांमध्ये दोर बांधून त्यावर दिव्यांनी अक्षरे लिहिण्याची प्रथा आहे. तिला ‘महिया’ म्हणतात. सतराव्या शतकापासून रमजानच्या रात्री तिथे तेलाचे दिवे असे टांगले जात. आज त्यांची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली आहे. तेलाच्या दिव्याचे एक बरे असते. वात आपली, तेल आपले. वाऱ्याने एक विझला तर शेजारचा जळतच राहतो. आपल्याकडच्या दीपमाळेतल्या पणत्याही तशाच.

विजेची माळ आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे बल्ब लावले. पुढे अशा माळा घरोघरी पोहोचल्या, तेव्हा एक अडचण होती. घरातली वीज जोरकस आणि बल्ब इवलासा. आपल्याकडे घरात २३० व्होल्टने वीज येते. ती थेट त्या दाण्याएवढ्या बल्बला दिली तर क्षणात त्याची तार जळेल. म्हणून पुष्कळ बल्ब एकापुढे एक जोडले गेले. वीज पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते आणि २३० व्होल्टचा भार सगळे मिळून वाटून घेतात. या जोडणीला ‘सीरिज’ म्हणतात आणि त्यावरूनच आपल्या बाजारात माळेलाही सीरिज हे नाव पडले. साखळीची एक कडी तुटली की पुढचा रस्ता बंद. त्यामुळे एकाची तार तुटते आणि अंधार सर्वांना होतो.

दुकानातला पहिला प्रश्न

विजेच्या सामानाच्या जुन्या दुकानात हा संवाद रमजानच्या आधी हमखास ऐकू येतो. एखादा मुलगा मुठीतून जळका बल्ब आणतो आणि विचारतो, ‘चाचा, असा बल्ब आहे का?’ चाचा बल्बकडे न बघता विचारतात, ‘माळ कुठाय?’ ‘घरी.’ मग दखनीतून उत्तर येते, ‘बेटा, अकेला बल्ब गूँगा रहता. उसके भाई कित्ते हैं, गिन को आ.’

चाचांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. काचेवर काही लिहिलेले नसते. बल्ब किती व्होल्टचा, हे त्याच्या भावंडांच्या संख्येवरून ठरते. २३० ला बल्बांच्या संख्येने भागायचे. माळेत २० बल्ब असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेअकरा व्होल्ट येतात, म्हणजे बल्ब १२ व्होल्टचा. ४० असतील तर पावणेसहा, म्हणजे ६ व्होल्टचा. ८० असतील तर ३ व्होल्टचा आणि १०० असतील तर अडीच व्होल्टचा.

मोजताना एक काळजी घ्यावी लागते. लांब माळ म्हणजे बहुतेक वेळा एकाच प्लगवर जोडलेल्या दोन-तीन स्वतंत्र साखळ्या असतात. म्हणून सगळी माळ मोजायची नाही. जे बल्ब एकदम विझतात, तेवढेच मोजायचे. २०० बल्बांच्या माळेत निम्मीच काळी पडत असेल, तर साखळी १०० ची आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी हौसेने पाठवलेल्या माळेला हे गणित लागू पडत नाही. तिथे घरातली वीज १२० व्होल्टची असते, त्यामुळे तिथली साखळी अडीच व्होल्टच्या ५० बल्बांची असते. ती आपल्या प्लगमध्ये थेट लावली तर प्रत्येक बल्बवर जवळजवळ दुप्पट व्होल्ट येतात आणि पहिल्याच रात्री सगळे संपते.

नुसते व्होल्ट पुरत नाहीत

व्होल्ट जुळले म्हणजे बल्ब जुळला, असे नाही. साखळीतून सर्वांना एकसारखाच प्रवाह जातो. म्हणून नव्या बल्बची विजेची भूकही इतरांइतकीच असावी लागते. बल्बच्या टोपीवर ‘१२ व्होल्ट, १.२ वॉट’ असे कोरलेले असेल, तर वॉटला व्होल्टने भागावे. उत्तर ०.१ अँपियर येते. नवा बल्ब याच अँपियरचा हवा.

घाईच्या वेळी कुणीतरी शक्कल काढतो की मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्बही १२ व्होल्टचाच असतो, तोच लावू. पण तो १० वॉटचा असतो. त्याला पेटायला पाऊण अँपियरहून जास्त प्रवाह लागतो आणि माळेत वाहतो एक दशांश. परिणाम असा की माळ पेटते, पण तो बल्ब स्वतः काळाच राहतो. आपल्या वाट्याचा भार तो उचलत नाही. तो शेजाऱ्यांवर पडतो. याउलट कमी अँपियरचा नाजूक बल्ब बसवला तर गरजेपेक्षा जास्त प्रवाह त्याच्या तारेतून जातो. तो क्षणभर सर्वांहून लख्ख पेटतो आणि लगेच जातो.

तिसरी गोष्ट बैठकीची. छोट्या माळेच्या बल्बला टोपी नसते. काचेच्या बुडातून दोन बारीक तारा निघतात, प्लॅस्टिकच्या बुडखातून खाली येतात आणि दोन्ही बाजूंना दुमडलेल्या असतात. हे बुडखे कंपनीगणिक वेगळे असते. एकाचे दुसऱ्या माळेत शिरत नाही. इथे पुष्कळ लोक हात टेकतात. पण त्यावर साधा उपाय आहे. नव्या बल्बच्या दुमडलेल्या तारा सरळ केल्या की काच बुडख्यातून अलगद निघते. जुन्या बुडख्यातली जळकी काचही तशीच काढावी आणि नवी काच जुन्या बुडख्यात बसवून तारा पुन्हा दुमडाव्यात. काच आणि व्होल्ट जुळले की बुडखे आपलेच वापरायचे.

मोठ्या बल्बांत पिनचा आणि आट्यांचा असे दोन प्रकार. पिनच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर असतो. आट्यांचा नेहमीचा २७ चा आणि झुंबरातला लहान आट्यांचा १४ चा. पट्टीने मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून नेला तर दुकानातल्या दोन खेपा वाचतात.

चांदीच्या कागदाची युक्ती

योग्य बल्ब मिळाला नाही की एक युक्ती सर्रास वापरली जाते. जळका बल्ब काढायचा आणि त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबायची, किंवा दोन तारा सरळ पिळून टाकायच्या. माळ लगेच पेटते. करणाऱ्याला शाबासकीही मिळते.

पण त्या रिकाम्या जागेचा भार कुठे गेला? ४० च्या माळेत दोन ठिकाणी चांदी लावली तर २३० व्होल्ट आता ३८ जणांत वाटले जातात. प्रत्येकावरचा ताण सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. पाच टक्के म्हणजे फार वाटत नाही. मात्र तारेच्या बल्बचे आयुष्य व्होल्टच्या बाबतीत फार हळवे असते. पाच टक्के व्होल्ट वाढले की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे दोन बल्ब टाळले त्याची किंमत उरलेले ३८ बल्ब अर्ध्या आयुष्याने चुकवतात. पाच जागी चांदी लावली तर उरलेल्यांचे आयुष्य पाचव्या हिश्शाच्याही खाली जाते. मग एकेक बल्ब भराभर जाऊ लागतात आणि प्रत्येक जाणारा बल्ब मागे राहिलेल्यांचा भार वाढवतो. माळ एका रात्रीत मरत नाही. ती अशी संपत जाते. त्यात मांडवाचे कापड, कागदी झुरमुळ्या आणि उघडी पिळलेली तार एकत्र आली की आगीला निमंत्रण मिळते.

अनेक माळांच्या बल्बांत याच युक्तीची सुरक्षित सोय आतच केलेली असते. फिलामेंटच्या खाली एक बारीक तार गुंडाळलेली असते, तिला शंट म्हणतात. तिच्यावर पातळ थर असतो आणि एरवी त्यातून वीज जात नाही. फिलामेंट तुटली की सगळे २३० व्होल्ट त्या एका बल्बवर येतात, थर फुटतो आणि शंटमधून रस्ता सुरू होतो. म्हणून अशा माळेत एकच बल्ब विझतो, बाकीचे जळत राहतात. पण हिशेब तोच लागू आहे. शंटने माळ चालू ठेवली तरी इतरांवरचा भार वाढलेलाच असतो. ‘एकच तर गेलाय, ईदनंतर बघू’ असे म्हणत थांबणे म्हणूनच महाग पडते. विझलेला बल्ब दिसताच बदलला तर उरलेली माळ वाचते. शंटवाली माळ पूर्ण बंद पडली, तर एखादा बल्ब सैल झाला आहे का, हे आधी पाहावे.

गेलेला बल्ब शोधायलाही पद्धत आहे. प्लग काढून, मधला बल्ब उपसून, मल्टिमीटर ओमवर ठेवायचा आणि तिथपासून एका टोकापर्यंत रस्ता अखंड आहे का ते तपासायचे. ज्या अर्ध्यात रस्ता तुटला असेल, त्याचा पुन्हा मध्य घ्यायचा. एक बल्ब गेला असेल तर ४० च्या माळेत सहा तपासण्यांत तो सापडतो. चालू माळेत टेस्टर घालून शोधणे हे जाणत्या वायरमनचे काम आहे, घरातल्या मुलांचे नव्हे.

एलईडीची चाल वेगळी

आता बहुतेक माळा एलईडीच्या आहेत. निळा एलईडी तयार करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्यामुळेच पांढरा प्रकाश देणारे एलईडी शक्य झाले. वीज अगदी कमी लागते, गरमही फारसे होत नाहीत. पण बल्ब बदलताना इथे दोन नवे नियम लागू होतात.

पहिला नियम रंगाचा. लाल आणि पिवळ्या एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. पांढऱ्या, निळ्या आणि हिरव्याला साधारण ३. म्हणून गेलेल्या रंगाच्या जागी त्याच रंगाचा एलईडी घालावा. निळा संपला म्हणून लाल बसवला की वाटणीचे गणित बिघडते.

दुसरा नियम दिशेचा. तारेच्या बल्बला उलटे-सुलटे नसते, एलईडीला असते. त्याचा लांब पाय अधिक आणि आखूड पाय उणे. पाय कापलेले असतील तर काठावर जिथे किंचित सपाट भाग असतो ती उणेची बाजू. बसवण्याआधी खात्री करायची असेल तर वजनकाट्यात असतो तो ३ व्होल्टचा बटण सेल, सीआर २०३२, एलईडीच्या दोन पायांमध्ये धरावा. पेटला तर दिशा बरोबर आणि एलईडी जिवंत. तो २३० व्होल्टवर थेट तपासायला जाऊ नये.

चार रंग आळीपाळीने पळवणाऱ्या माळेत छोटी डबी असते. एकच रंग पूर्ण बंद असेल तर त्या रंगाची साखळी तुटली आहे किंवा डबीतला तेवढा भाग गेला आहे. सगळेच रंग बंद असतील तर आधी प्लग, मग डबी बघावी. बारीक तांब्याच्या तारेवर चिकटवलेल्या माळांत मात्र बल्ब बदलण्याची सोयच नसते.

पिवळा की पांढरा?

सगळे आकडे जुळूनही कधी कधी नवा बल्ब माळेत परका दिसतो. कारण पांढऱ्यातही प्रकार आहेत. जुन्या तारेच्या बल्बचा उबदार पिवळसर प्रकाश साधारण २७०० केल्विनचा असतो. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ आणि २७०० किंवा ३००० हा आकडा असेल तर रंग जुळेल. ‘कूल डेलाइट’ आणि ६५०० लिहिलेला बल्ब निळसर पांढरा दिसतो. पिवळ्या माळेत तो एकटा लावला तर दुरूनही डोळ्यांत खुपतो.

‘झिरोच्या’ बल्बांच्या तोरणाची गोष्ट निराळी. रस्त्यावर दिसणारे लाल-हिरवे-पिवळे पिनचे बल्ब ते हेच. नाव झिरो असले तरी जुना झिरोचा बल्ब सुमारे १५ वॉट वीज खातो. या तोरणात प्रत्येक बल्ब स्वतंत्रपणे २३० व्होल्टवर चालतो, तेलाच्या दिव्यासारखा. एक गेला तर बाकीच्यांना फरक पडत नाही आणि जुन्यांच्या ओळीत एलईडीचा नवा बल्बही बसतो. १०० जुने बल्ब रोज सहा तास, महिनाभर जळले तर २७० युनिट होतात. त्याच जागी अर्ध्या वॉटचे एलईडी लावले तर ९ युनिट. मोहल्ल्याच्या वर्गणीतून बिल भरणाऱ्या कमिटीला हा फरक चांगला कळतो. उघड्यावर लावायचे असेल तर खोक्यावर ‘आयपी ६५’ ही खूण पाहावी. मग धूळ आणि पाणी यांची काळजी उरत नाही.

शोध कुठे घ्यावा?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ आणि पुण्यात बुधवार पेठ या विजेच्या सामानाच्या जुन्या बाजारपेठा आहेत. सुटे बल्ब, होल्डर, डब्या तिथे मिळू शकतात. मात्र तारेच्या छोट्या बल्बांची मागणी ओसरली आहे, आणि गावातल्या दुकानात ‘आता येत नाही’ हे उत्तर वाढत चालले आहे. अशा वेळी सगळ्यात खात्रीचा बल्ब नव्या दुकानात नसतो, तो जुन्या माळेत असतो. एकाच वेळी घेतलेल्या दोन माळांपैकी एक कायमची बिघडली, तर तिच्यातले चांगले बल्ब दुसरीला वर्षानुवर्षे पुरतात. व्होल्ट तेच, अँपियर तेच, बुडखे तेच, रंगही तोच. जाणता लायटिंगवाला म्हणून बंद माळ कधी फेकत नाही. त्याच्या कोपऱ्यातला तो गुंता भंगार वाटतो, पण मिनारावरची आणि मांडवावरची रोषणाई त्यातूनच तगून राहते.

नवी माळ घेताना बरोबर एक-दोन जादा बल्बांची पुडी येते. ती हरवते, म्हणून प्लगच्या वायरलाच रबराने बांधून ठेवावी. आणि ईद झाल्यावर माळ उतरवताना आधी विझलेले बल्ब बदलावेत, मग ती पुठ्ठ्यावर गुंडाळून खोक्यात ठेवावी. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहावे: ‘४० बल्ब, ६ व्होल्ट, ०.१ अँपियर.’ पुढच्या खेपेला ते खोके कोण उघडेल, रमजानसाठी की गणपतीसाठी, हे आज सांगता येत नाही. पण जो उघडेल त्याला दुकानात जाऊन नेमके काय मागायचे, ते ठाऊक असेल.